नसलेले खड्डे

टँडम सायकलवर पुढे बसतो तो कॅप्टन आणि मागे बसतो तो स्टोकर, म्हणजे कोळशाच्या इंजिनात कोळसा टाकणारा. ही माहिती चंद्रहासने इरावतीला सायकल विकत घेण्याआधीच दिली होती. कोणी काय व्हायचं हा प्रश्न त्या माहितीतच मिटला, असं तो धरून चालला होता.

इरावती गेली अकरा वर्षं ऑकलंडमध्ये सिटी बस चालवत होती. बारा मीटरची बस ती पावसात, शाळा सुटायच्या वेळी, कोपऱ्यावर वळवून दाखवायची. तिने यावर काही म्हटलं नाही. तिने काही म्हटलं नाही की होकार धरायचा, असं त्यांच्या घरात सव्वीस वर्षं चालत आलं होतं.

सायकल ज्या म्हाताऱ्या गोऱ्या जोडप्याकडून घेतली, त्यांनी मागच्या हँडललाही एक ब्रेक बसवलेला होता. चंद्रहासने तो पहिल्याच रविवारी काढून टाकला. एका सायकलला दोन मतं नकोत, असं त्याचं म्हणणं होतं.

शनिवारी सकाळी सात वाजता दोघं पुकेकोहेला बाळासाहेबांच्या डेअरीसमोर उभे होते. डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. तिथे दूध मिळायचं, पण पाव, लॉटरीची तिकिटं आणि बाळासाहेबांच्या गप्पा यांच्यापुढे त्याला कोणी विचारत नसे. गाडी तिथे ठेवायची, टुआकाऊचा पूल ओलांडून हायवे बावीसने रॅग्लन गाठायचं आणि रविवारी बाळासाहेबांनी व्हॅन घेऊन आणायला यायचं, असा बेत होता. एकूण शहाऐंशी किलोमीटर.

"वहिनी, मागे बसून पाय नुसते गोल फिरवायचे बरं का," बाळासाहेब म्हणाले. "पुढच्याला पत्ता लागत नाही. आमच्याकडे वीस वर्षं तेच चाललंय."

"ऐकू येतंय मला!" आतून, ब्रेडच्या मांडणीमागून आवाज आला.

"बघा, ऐकू येतं. पेडल तेवढं मारत नाही."

इरावती हसली. चंद्रहासही हसला, पण त्याचं हसू अर्धा सेकंद उशिरा आलं. बाळासाहेब त्याच्या उजव्या बाजूला उभे होते आणि ते कुठे आहेत हे बघायला त्याला अख्खी मान फिरवावी लागली होती.

"हल्ली तू असा घुबडासारखा का बघतोस रे?" इरावतीने विचारलं.

"मान आखडलीय."

तीन आठवड्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका यंत्रात डोकं घालायला सांगितलं होतं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. चंद्रहासला तिसऱ्याच मिनिटाला ठिपक्यांचा ठेका लक्षात आला, आणि जे दिसले नाहीत त्यांच्यासाठीही त्याने अंदाजाने बटण दाबलं. यंत्राने ते पकडलं. बाईंनी शांतपणे पुन्हा बसवलं आणि म्हणाल्या, ही परीक्षा नाहीये. बटण आहे, निकाल आहे, आणि तरीही ती परीक्षा नाही, यावर त्याचा अजूनही विश्वास बसलेला नव्हता.

निकाल असा होता: काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. उजवीकडचं जवळजवळ सगळं गेलेलं, खालचंही बरंच. गेलेलं परत येत नाही. थेंब घातले तर उरलेलं टिकेल. गाडी आजपासून बंद, रस्त्यावर सायकलसुद्धा नको, आणि घरी सांगा. तो हो म्हणाला. बाईंनी लिहून दिलेलं पत्र आत्ता पुढच्या पिशवीत, रेनकोटखाली होतं.

पत्र तो रॅग्लनला दाखवणार होता. संध्याकाळी, पाण्याकाठी बाकावर बसून, फिश अँड चिप्स संपल्यावर. त्याआधी एकदा, शेवटचं, पुढे बसायचं होतं. मध्ये फक्त शहाऐंशी किलोमीटर होते, आणि मागे बायको.

आता कोणी म्हणेल, न दिसणारा माणूस असं धाडस कसं करतो? तर चंद्रहास बोर्डात अकरावा आला होता. पेपरात पहिल्या दहांचे फोटो छापले होते. त्या दिवसापासून त्याने पाठांतरात कधीही कसर ठेवली नव्हती. हा अख्खा रस्ता त्याने घरी कॉम्प्युटरवर, रस्त्यांचे फोटो दाखवणाऱ्या नकाशात, मीटर मीटर पुढे सरकत बघितला होता. वीस संध्याकाळी. इरावतीला त्याने ऑफिसचं काम म्हणून सांगितलं होतं. वहीत तीनशे बारा नोंदी होत्या: ९.२, डावीकडे खड्डा. १४.६, फाटक, मग उतार. ३१.४, लाल पत्र्याची शेड, एकेरी पूल, आपण थांबायचं. सगळं तोंडपाठ.

फोटोंच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, ते कोणत्या साली काढले तेही दिलेलं होतं. ते त्याने वाचलं नाही. ते सिलॅबसमध्ये नव्हतं.

टुआकाऊचा पूल विनातक्रार गेला. खाली वाइकाटो नदी रुंद आणि तपकिरी, पलीकडे हिरव्या टेकड्या एकीमागे एक. हायवे बावीस हा नावापुरताच हायवे. त्यावर गाड्यांपेक्षा गाई जास्त. चंद्रहास पुढून हाळी देत होता, कारण मागच्याला कॅप्टनच्या पाठीपलीकडचं फारसं दिसत नाही. रस्त्यात काय आहे ते पुढच्याने ओरडून सांगायचं, हा टँडमचा पहिला नियम.

"गिअर!"

"हं."

"खड्डा!"

इरावतीने सीटवरून अंग उचललं. सायकल लोण्यावरून गेल्यासारखी गेली.

"कुठाय खड्डा?"

"चुकवला मी."

"चुकवलास तर सायकल सरळ कशी गेली?"

"हलकेच चुकवला."

दोन किलोमीटर पुढे त्याने पुन्हा खड्डा जाहीर केला. पुन्हा ती उठली, पुन्हा काही नाही; होता तो डांबराचा नवाकोरा काळा चौकोन. आणि तिथून शंभर मीटरवर, काहीही जाहीर न होता, सायकल अशी आदळली की इरावतीचे दात एकमेकांवर वाजले.

"आई गं! चंदू, हा का नाही सांगितलास?"

"दिसला नाही."

ही त्या दिवसातली त्याची पहिली खरी गोष्ट होती. त्याच्या तोंडून ती चुकून निसटली.

"नसलेले सांगतोस, असलेला दिसत नाही," ती म्हणाली. "डोळे कुठे विकलेस?"

त्याने जोरात पेडल मारलं. मानेवरून घाम ओघळला. चढ होता हे खरं, पण घाम चढाचा नव्हता.

जनावरांचा दुमजली ट्रक आला तो विसाव्या किलोमीटरला. मागून येणारा आवाज त्याला ऐकू आला, पण वाऱ्यात तो किती जवळ आहे हे कळेना. मान वळवावी तर सायकल वळते. तो समोरची पांढरी रेघ धरून राहिला. डोळ्यांच्या उजव्या बाजूला काळं दिसत नाही, हीच त्यातली फसवणूक होती. काळं असतं तर निदान कळलं असतं. तिथे काहीच नसतं, आणि काही नसल्याचंही दिसत नाही. त्या काही-नाहीमधून एकदम लोखंडाची भिंत, शेणाचा वास आणि गाईचा एक ओला डोळा बाहेर आला, आणि चंद्रहास दचकून डावीकडे गेला. पुढचं चाक खडीत उतरलं, थरथरलं, पुन्हा डांबरावर आलं.

"अरे!" इरावती किंचाळली. "काय करतोयस? त्याने किती जागा सोडली होती!"

"एकदम आला अंगावर."

"एकदम? मिनिटभर मागे होता तो! मला ऐकू येत होता, तुला आरशात दिसला नाही?"

आरसा हँडलच्या उजव्या टोकाला होता. चंद्रहासच्या जगात तो तीन आठवड्यांपासून नव्हताच; बहुधा तीन वर्षांपासून नव्हता.

"हादऱ्याने हलला असेल," तो म्हणाला.

पुढचे दहा-बारा किलोमीटर ती गप्पच होती. वहीतली शेड आली, पूल आला, तो थांबला, निघाला. त्याला वाटलं, रागावलीय. रागावलेली बायको मागे असणं ही त्याच्या सवयीची गोष्ट होती. गप्प राहून विचार करणारी बायको मागे असणं किती जोखमीचं असतं, याचा त्याला अनुभव नव्हता.

एकेचाळिसाव्या किलोमीटरला रस्ताच संपला. रस्ता अडवणारे नारिंगी प्लास्टिकचे सुळके ओळीने उभे होते, आणि त्यांच्यापुढे नारिंगी जाकीट घातलेली एक दणकट बाई हातात थांबायची पाटी घेऊन.

"किया ओरा," बाईने माओरीत नमस्कार केला. "रोड्स शट, लव्ह. गुरुवारच्या पावसात दरड आली." पुढचं तिने इंग्रजीतच, डावीकडच्या फाट्याकडे हात करून सांगितलं: चौदा किलोमीटरचा वळसा, थोडी खडी, मग परत हाच रस्ता. "यू'ल बी स्वीट," म्हणजे निभेल तुमचं.

चंद्रहासने फाट्याकडे बघितलं. खडीचा पांढुरका रस्ता टेकडीमागे नाहीसा झाला होता. त्याच्या वहीत त्याची एकही नोंद नव्हती. आपला कोरा पेपर त्याने आयुष्यात कधी बघितला नव्हता.

"परत जाऊ या का?" तो म्हणाला.

इरावती सायकलवरून उतरून त्याच्या समोर आली. "तू? परत?"

"खडी आहे. टायर..."

"माउंट रोस्किलला रस्ता खणला होता तेव्हा 'डेटूर बायकांसाठी असतो' म्हणून सुळक्यांमधून गाडी घातलीस. आणि आज परत जायचं?"

सांगायचं असेल तर आत्ताच, हे त्याला कळत होतं. समोर ती होती, साक्षीला नारिंगी बाई होती, पत्र एका हाताच्या अंतरावर होतं. सांगितलं असतं तर बाईने वॉकीटॉकीवरून कोणाला बोलावलंही असतं. त्याने पिशवीकडे हात नेला, बाटली काढली, पाणी प्यायला आणि बाटली परत ठेवली.

"चल," तो म्हणाला. "काही होत नाही."

खडीवर त्याने हाळ्या देणं बंद केलं. ओरडायचं काय? सगळंच खड्डा होतं. तो फक्त समोर, नळीतून बघावं तसं, वीस मीटरवरचा एक पांढरा ठिपका पकडून होता. एक फाटक गेलं, दुसरं गेलं. मेंढ्या कुठूनतरी ओरडत होत्या. मागून काहीतरी सोलल्यासारखा आवाज आला आणि मग काहीच नाही. इरावतीचं पेडल हलकं झालंय असं त्याला वाटलं, आणि बाळासाहेबांची आठवण झाली.

मग उतार लागला, आणि लांबच लांब. सायकल आणि दोन माणसं मिळून दीडशे किलो वजन खडीवरून सुटलं की ब्रेक जपून मारावा लागतो. जास्त दाबला तर चाक सरकतं, कमी दाबला तर वजन ऐकत नाही. तळाशी रस्ता उजवीकडे वळून एका एकेरी पुलावर जात होता. पाटी लांबूनच त्याच्या नळीत नीट मावली: निळी, चौकोनी, आपला बाण मोठा आणि पांढरा. म्हणजे हक्क आपला. समोरच्याने थांबायचं, आपण जायचं. कितीतरी वेळाने एक असा प्रश्न आला होता ज्याचं उत्तर त्याला येत होतं. त्याने ब्रेक सोडला.

"थांब," मागून आवाज आला.

"आपला बाण आहे."

"चंदू, ब्रेक मार."

"अगं, पाटी बघ! मोठा बाण..."

"त्याला थांबता येणार नाहीये. ब्रेक."

ती ओरडली नव्हती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. बसमध्ये मागच्या सीटवर मारामारी सुरू झाली की ती माइकवर ज्या आवाजात बोलते, तो हा आवाज होता. समोर रस्ता रिकामा होता. पूल रिकामा होता. त्याच्या डोळ्यांना दिसणाऱ्या जगात थांबावं असं काहीही नव्हतं, आणि तीस मीटर उरले होते.

मग चंद्रहासने आयुष्यात पहिल्यांदा न दिसलेल्या ठिपक्यासाठी खरोखर बटण दाबलं.

चाक सरकलं. सायकल आडवी होत डावीकडे गवतात शिरली, कुंपणाच्या तारेला खांदा लागला, तार ताणली आणि त्या दोघांना तिने झेलल्यासारखं धरलं. त्याच क्षणी त्या काही-नाहीमधून दुधाचा टँकर बाहेर आला. चांदीसारखा लखलखीत, मागे दुसरी टाकी जोडलेला, पुलाच्या दोन्ही कठड्यांपासून हातभर जागा सोडून. तो गेला, गेला, गेला. टँकर एवढा लांब असतो हे चंद्रहासला माहीत नव्हतं. जिथे त्यांनी असायचं होतं तिथे धुळीचा ढग उभा राहिला.

वर चढावर टँकर थांबला. खिडकीतून हात बाहेर आला. "यू राइट?"

"ऑल गुड!" इरावतीने ओरडून सांगितलं. हात आत गेला, टँकर निघाला.

मागचं चाक हवेत टिकटिक करत फिरत होतं. चंद्रहासने तारेतून खांदा सोडवला आणि मान अख्खी वळवली. इरावती गवतात बसली होती. तिच्या उजव्या मुठीतून पांढरं, चिकट काहीतरी मनगटावर ओघळत होतं. हा मेंदू तर नाही ना, इथवर त्याचा विचार गेला. ते केळं होतं.

"हे मी कधीपासून धरलंय?" तिने विचारलं.

"काय?"

"सोलून. तुझ्या उजव्या गालाशेजारी. दुसऱ्या फाटकापासून."

"मला भूक नव्हती."

"चंदू."

"खरंच नव्हती गं."

"हलवलं मी ते. कानाजवळ नेलं. माशी बसली त्याच्यावर, ती तुझ्या हेल्मेटवर बसली. तू सरळ बघत होतास." ती थांबली. "रोज दोनशे माणसं चढता-उतरताना बघते मी. कोणाला काय दिसत नाही ते मला दारातून कळतं. घरातलं नाही कळलं."

त्याने पिशवीची चेन उघडली, रेनकोट बाजूला केला आणि पत्र दिलं. तिने डाव्या हाताने ते धरून वाचलं. वरची तारीख वाचली. मग पुन्हा तारीखच वाचली.

"एकवीस दिवस."

त्याने पिशवीची चेन पुन्हा लावली.

"सकाळी घरून, हिल्सबरोपासून, मोटरवेने कोणी आणलं मला?"

"डाव्या लेनमधूनच आणलं."

"वा," ती म्हणाली. "डाव्या लेनमधून मेले असते."

कुंपणापलीकडे पाच-सहा मेंढ्या गोळा झाल्या होत्या आणि दुसऱ्यांच्या संसारात लक्ष घालत होत्या. इरावतीने केळं त्यांच्या दिशेने भिरकावलं. त्यांनी ते हुंगलं आणि नापसंत केलं.

"आमच्या डेपोत एखादा ड्रायव्हर असा लपवताना सापडला ना, तर त्याच दिवशी जाऊन सांगेन मी. मैत्रीण असली तरी."

"मग सांग."

"मी नाही. सोमवारी तू सांगायचंस. लायसन्स ऑफिसात, काउंटरवर लायसन्स ठेवून. मी शेजारी उभी राहणार. डाव्या बाजूला, म्हणजे दिसेन." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मला का नाही सांगितलंस?"

चंद्रहासकडे याची तीन-चार उत्तरं तयार होती. तुला काळजी नको म्हणून. सुट्टी बिघडायला नको म्हणून. वीस संध्याकाळी त्याने तीही पाठ केली होती. पण खांदा ठणकत होता आणि तोंडात टँकरची धूळ होती.

"सांगितलं असतं तर तू पुढे बसली असतीस."

"मग?"

"मग मी कुठे बसायचं?"

इरावतीने त्याच्याकडे बघितलं. मग गवतात आडव्या पडलेल्या सायकलकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"दोनच सीटा आहेत, चंदू," ती म्हणाली. "इतका अवघड प्रश्न नाहीये."

फोनला रेंज नव्हती. मागे चढ, नऊ किलोमीटर, मग ती नारिंगी बाई. पुढे पाच किलोमीटरवर मोठा रस्ता. तिने मनातल्या मनात हिशेब केला, पण बोलून दाखवला नाही. नुसता हात पुढे केला. "पाना दे."

पुढची सीट तिने चार बोटं खाली घेतली, मागची वर केली. हँडल सरळ करून ब्रेक दोनदा दाबून बघितले. आरसा पुसला आणि तिला मागचं दिसेल असा फिरवला. चंद्रहास सायकल धरून उभा होता. धरणं हेही काम आहे, असं तो स्वतःला सांगत होता.

"ती मागच्या ब्रेकची मूठ फेकून नाही ना दिलीस?"

"गॅरेजमध्ये आहे."

"घरी गेल्यावर बसव. मागच्याला लागते ती. आता कळेल तुला का."

पहिल्यांदा निघताना सायकल डुगडुगली आणि दोघांचे पाय खाली आले. दुसऱ्यांदा तो तिच्या आधी पेडल मारायला गेला. "मी सांगितल्याशिवाय नाही," ती म्हणाली. तिसऱ्यांदा तिने "हं" म्हटल्यावर तो हलला, आणि सायकल पुलाच्या फळ्यांवरून खडखडत पलीकडे गेली.

मागून फक्त तिची पाठ दिसत होती. पिवळं जाकीट, त्यावर घामाचा नकाशा, वेणीचं टोक. त्याच्या नळीत नेमकं तेवढंच मावत होतं. उजवीकडे काय आहे, खाली काय आहे, पुढे काय येतंय, यातलं काहीही त्याला कळत नव्हतं, आणि प्रत्येक वळणाला त्याची बोटं मूठ नसलेल्या जागी आवळली जात होती. ती अकरा वर्षांच्या सवयीने वळणाआधी वेग उतरवत होती, वळणातून सोडत होती. तरी त्याला घाम सुटलाच होता. सकाळपासून पन्नास किलोमीटर ती अशी बसली होती. माझ्यामागे.

मोठा रस्ता लागला तेव्हा डांबराचा आवाज एकदम मऊ झाला. टेकडीची कमान बघून त्याला जागा ओळखू आली.

"आता डावीकडे हिरव्या पत्र्याची शेड येईल," तो म्हणाला. "मग चढ."

"निळी आहे."

"फोटोत हिरवी होती."

"रंगवली असेल."

एकतीस किलोमीटर उरले होते. वहीत त्यांच्या एकशे चार नोंदी होत्या आणि त्या सगळ्या त्याला पाठ होत्या. पुढच्या नोंदीप्रमाणे इथे सरळ, स्वच्छ रस्ता होता, दोन किलोमीटर, काहीही नाही.

"खड्डा," इरावती म्हणाली.

त्याने सीटवरून अंग उचललं. खड्डा होता.